अस्मानी

घोडनदीच्या काठी, शिरूरच्या शिवारात, एका वैशाखी सकाळी टोमॅटोच्या तारेखाली वाकून एका वयस्क शेतकऱ्याने ओंजळभर गळलेली फुले मला दाखवली. प्रत्येक फूल देठाच्या सांध्यापाशी पिवळे पडून सुटलेले. "गुरुजी, औषध झालं, पाणी झालं, आता माझ्याच हातनं काही पाप घडलं असंल का?" दिवसाचा पारा 35 अंशांच्या वर गेला आणि रात्रही 21-22 अंशांखाली उतरेनाशी झाली, की परागकण निकामी होतात, फलधारणा होत नाही आणि झाड फूल टाकून देते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली खरी. पण त्यांचा प्रश्न तसाच राहिला होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. या पाचव्याचा अर्थ आमच्या प्रवचनकारांनी पूर्वजन्मीच्या पापाची थकबाकी असा लावून ठेवला, तो बांधावर उभे राहिल्यावर मला पटत नाही. कारण जो पाऊस दौंडकडच्या जिराईत बाजरीला जीवदान देतो, तोच दीर्घ उघडिपीनंतर एकाएकी कोसळला म्हणजे शेजारच्या बागाइतातील पिकत आलेला टोमॅटो अधाशासारखे पाणी ओढतो, आतला गर फुगतो, सालीला तितके ताणणे साधत नाही आणि देठाभोवती वर्तुळाकार चिरा पडून त्यांत बुरशी धरते. आणि गार, दमट, ढगाळ हवा आठवडाभर रेंगाळलीच, तर करपा बांध ओलांडताना कोणाचा सातबारा पाहत नाही. एकाच ढगाने दोघांचे पापपुण्य मोजले असे मानायचे, तर बाजरी पेरणे हेच पुण्य ठरायचे! ज्यांची पालखी दरसाल यवत-वरवंडवरून पंढरीला जाते, त्या तुकोबारायांचा व्यापार 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात बुडाला आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ही कोणत्या पापाची फेड, असे विचारण्याचे धाडस आजवर एकाही कीर्तनकाराला झालेले नाही. मग ते शिरूरच्या म्हाताऱ्यालाच का विचारावे?

जुन्या महसुली दफ्तराने मात्र या दैवाला 'अस्मानी' म्हटले आणि त्यातला आरोप काढून टाकला: आभाळाने पीक नेले यात रयतेची कसूर नाही, सबब पाहणी करून साऱ्यात सूट द्यावी. दैव या शब्दाचा याहून धर्म्य अर्थ मला ठाऊक नाही. नुकसान 33 टक्क्यांवर भरल्याखेरीज आजचे सरकार मदत देत नाही, हा भाग निराळा; पण पंचनाम्यात गट नंबर, पीक आणि बाधित क्षेत्र यांचे रकाने असतात, पापाचा नसतो, आणि एवढ्या बाबतीत तरी मी प्रवचनाविरुद्ध दफ्तराच्या बाजूने साक्ष देईन.