वारा पडला की

जून लागला की सुरतेत समुद्राकडून दमट वारा सुटतो, आणि बारडोली-सायणकडे उसात ट्रायकोकार्डं बांधणारे आभाळाकडे बघू लागतात. कार्ड म्हणजे साधा जाड कागद. त्यावर धान्यातल्या पतंगाची वीसेक हजार अंडी चिकटवलेली, आणि त्यांच्या आत वाढणारी ट्रायकोग्रामा, गांधीलमाशीची चिमुकली बहीण. जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती बाहेर पडून खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आतली अळी जन्मायच्या आधीच संपते.

एवढ्याशा जिवाला हवा म्हणजे सर्व काही. जोराच्या वाऱ्यात ती उडत नाही, उडालीच तर वाहून जाते. पाऊस चालत नाही, भर दुपारचं ऊनही सोसत नाही. म्हणून कार्डं सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला बांधायची. पावसात साध्वीजीही विहार थांबवतात, पण त्या दुसऱ्याच्या जिवासाठी.

सांगलीकडे माझ्या माहेरचा ऊस आहे. वहिनीचा फोन आला, "वन्सं, फवारणीपेक्षा हे बरं ना? आपण थोडंच मारतो, माशी मारते."

हे मला पटत नाही. कृत, कारित, अनुमोदित हे तिन्ही आपण प्रतिक्रमणात म्हणतोच की. माशी बिचारी चतुरिंद्रिय, तिला मन नाही. 1993 साली 'नेचर'मध्ये अशाच एका परजीवी माशीवरचा प्रयोग आला होता: हवेचा दाब घसरला, वादळाची चाहूल लागली, की ती निवड सोडते आणि आधीच दुसरीनं अंडं घातलेल्या अळीतही अंडी घालते. तिचं हवा ठरवते. आपण मात्र कार्ड आणतो, वारा पडायची वाट बघतो, मग बांधतो. इतकं ठरवून केलेलं आपलं नाही कसं? शिवाय कार्डावरची पतंगाची अंडी आधीच प्रयोगशाळेत अतिनील प्रकाशाखाली मारलेली असतात, ते तर कुणाच्या डोळ्यांपुढेही येत नाही.

तरी मी तिला कार्डच बांध म्हटलं. फवारा मधमाशी बघत नाही, कोळी बघत नाही, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. श्रावकाची शेतीतली हिंसा पुरती सुटत नाही, कमी मात्र करता येते. फक्त "आपण मारत नाही" असं म्हणू नकोस. आलोचनेत तेही येऊ दे.

वहिनी जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बरं. पण इथं पाऊस उघडेना झालाय. कार्डं कालच आणलीत, फ्रिजमध्ये ठेवलीत, दुधाशेजारी. टिकतील ना चार दिवस?"