तवक्कुल आणि रक्ताची तपासणी

जुम्म्याच्या नमाजनंतर आंबिवलीच्या आमच्या मशिदीत एक तरुण मागे थांबला. मूळचा नागपूरकडचा. पती-पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक आणि थोरल्या मुलाला प्रत्यक्ष आजार. हाडे ठणकू लागली की ते मूल रात्रभर कळवळते. पत्नीला दुसऱ्या अपत्याची धास्ती वाटते, तर घरची वडीलधारी मंडळी हा ईमानचा कमकुवतपणा मानतात. मी घाईने म्हणालो, "तवक्कुल ठेवा." तो सलाम करून गेला. माझे ते उत्तर नव्हते, सुटका होती.

शामच्या वाटेवर सर्ग येथे हजरत उमर (रजि.) यांना पुढे साथ असल्याचे कळले आणि ते माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्याच एका तकदीरकडून दुसरीकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता २५ टक्के, अपत्य केवळ वाहक असण्याची ५० टक्के. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, हा हिशेब खोटा आहे. आणि दोष दोघांकडून येत असताना एकट्या सुनेला बोल लावणे हा उघड जुलूम होय.

प्रेषित (स.) यांच्या हयातीत सहाबा अझ्ल करीत, ही हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. तिच्या आधारे बहुसंख्य फुकहांनी पत्नीच्या संमतीने तात्पुरता गर्भनिरोध जायज मानला. कायमची नसबंदी मात्र तीव्र निकडीशिवाय बहुतेक आलिमांना मान्य नाही.

गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते. मक्केच्या फिकह परिषदेने १९९० साली, विश्वासू डॉक्टरांच्या समितीने असाध्य, गंभीर व्यंग सिद्ध केल्यास, १२० दिवसांच्या आत गर्भपाताची मुभा दिली. सिकलसेल या अटीत बसतो का, यावर मतभेद आहेत. तो निर्णय मुफ्ती आणि डॉक्टर, दोघांसमोर बसूनच घ्यावा.

पुढल्या जुम्म्याला मी हे सारे त्या तरुणाच्या घरी जाऊन सांगितले. त्याच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ पाहणे चालू होते, तेही मामाच्या घरातले. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहपूर्वी ही तपासणी सक्तीची आहे, हे ऐकून त्याच्या वालिदांनी एवढेच विचारले, "मौलाना, रक्त उपाशीपोटी द्यावे लागते का?"