रज्जुसर्प आणि दुरक्या घोणस

वेदान्ताची गोडी असलेल्यांना रज्जुसर्पाचा दृष्टान्त पाठ असतो. अंधारात दोरी पाहून मनुष्य साप समजून घाबरतो. दिवा आणला की साप नाहीसा होतो, भीतीही जाते. नुकसान कोणाचेच होत नाही. हा दृष्टान्त मला फार दिवस समाधानकारक वाटे. आता वाटत नाही.

एका दिवाळीत बारामतीहून एस.टी.ने मी इंदापूर तालुक्यात मामांकडे गेलो होतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, दाराशी ऊस. वसुबारसेला मामी गायवासराला ओवाळायला गोठ्यात गेल्या आणि कडब्यापाशी ओरडल्या, "अहो, घोणस!" मुले भोवतीच होती. बॅटरी माझ्या हातात, काठी मामांच्या. दोन फटक्यांत काम आटोपले.

मग उजेड जवळ नेला. घोणशीच्या पाठीवर गोलसर ठिपक्यांच्या तीन माळा असतात. इथे वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले डाग होते. शेपूट आखूड आणि खरखरीत. हा दुरक्या घोणस नावाचा साप: बिनविषारी, मातीत दडून राहणारा, उंदीर खाणारा. शास्त्राने त्याची नोंद १८०१ सालीच केली आहे. मीही ती पुस्तकात वाचली होती.

मामा म्हणाले, "पोरांच्या पायांशी साप असताना ठिपके मोजत बसू का रे?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घोणस माणसे मारते; आणि घोणशीला दुरक्या समजून हात लावणारा जिवाला मुकतो. अशा क्षणी ज्ञानावर तरी किती विसंबावे?

पण मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. ओळख पटवणे कठीण होते. मुलांना चार पावले मागे नेणे कठीण नव्हते. ते सांगायला सापाची जात कळण्याची गरजच नव्हती. मी मात्र उजेड धरला तो काठीचा नेम चुकू नये म्हणून.

भीतीला मी दोष देत नाही. भीती नसताना जी वर्षे गेली, त्यांत आम्ही काय केले, हे विचारतो. आता मामांनी कडबा गोठ्यापासून दूर रचला आहे, सर्पमित्राचा नंबर भिंतीवर लिहिला आहे. यंदा वसुबारसेला मामी आधी बॅटरी मागतात, मग निरांजन.

दृष्टान्तातला दिवा उशिरा आला तरी चालते. दोरी तशीच पडलेली असते.