आश्रय आणि वहिवाट

तालमींच्या ऱ्हासाची चर्चा नाशिकात निघाली की तिचा शेवट ठरलेला असतो : राजाश्रय गेला म्हणून मल्लविद्या गेली, सबब सरकारने अनुदान द्यावे, जुन्या तालमींना वारसावास्तूंचा दर्जा द्यावा आणि ग्रीकांच्या व्यायामशाळांचे अवशेष जसे जतन झाले तसे आपल्याही वास्तूंचे व्हावे. मागणीमागच्या सदिच्छेविषयी मला शंका नाही. परंतु ऑलिंपियाचे अवशेष ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले असतील, त्यांनी तरी ती जिभेवर आणण्यापूर्वी क्षणभर थांबावयास हवे होते.

मी ते पाहिले आहेत. क्लादेओस नदीच्या काठची, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातली तेथील मल्लशाळा चौकोनी अंगणाभोवतीच्या स्तंभपंक्तींमुळे आजही चटकन ओळखू येते. अंगणाच्या उत्तरेकडे खाचा पाडलेल्या भाजक्या फरश्यांची एक पट्टी जमिनीत बसविलेली आहे. तिच्यावर नेमके काय करीत असत याविषयी विद्वानांत एकमत नाही. शेजारच्या व्यायामशाळेची पश्चिम बाजू नदीने नेली. जे उरले त्याचे माप घेता येते, नकाशा काढता येतो. पण त्या फरश्यांवर पाय कसा रोवावयाचा हे ज्याला गुरूच्या हाताखाली उमगले असा माणूस मात्र पिढ्यांच्या परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

आणि हे आश्रय तोकडा पडला म्हणून झाले, असेही नाही. ग्रीक नगरांतून व्यायामशाळेचा अधिकारी हा मानाचा हुद्देदार असे. अंगाला चोळावयाच्या तेलाचा अवाढव्य खर्च तो वा एखादा धनिक सोशी आणि त्याबद्दल नगर त्याच्या नावाचा शिलालेख कोरून ठेवी. मॅसिडोनियातील बेरिया येथे सापडलेल्या एका शिलालेखात व्यायामशाळेचा संपूर्ण कायदाच आहे : गुलामाने येथे वस्त्रे उतरू नयेत, दारू प्यालेल्याने उतरू नयेत, बाजारात धंदा करणाऱ्यानेही उतरू नयेत. आमच्या तालमींनाही जातीची कुंपणे होती आणि स्त्रीला तेथे मज्जावच होता, हे नाकारण्याचे कारण नाही; पण इतकी चोख सरकारी तरतूद आणि इतके चोख दप्तर आमच्या नशिबी कधी नव्हते.

यावर आश्रयवादी म्हणतील की, हे तर आमच्याच बाजूचे उदाहरण झाले. आश्रय होता तोवर शाळा नांदली, तो सरला तशी ती ओस पडली. मान्य. पण मग 1818 चे काय करावयाचे? निफाड तालुक्यातील कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे मल्ल. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारून ते वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तेथे त्यांना मल्लखांबाची युक्ती सुचली, अशी कथा आहे; कथेचा दृष्टान्ताचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. 1818 साली पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेले, आश्रय म्हणून जो म्हणतात तो मुळापासून उखडला गेला. राजाश्रयाची उपपत्ती खरी असती तर मल्लखांबाची विद्या त्याच वर्षी संपावयास हवी होती. प्रत्यक्षात ती कोंडभटनाना गोडबोल्यांसारख्या शिष्यांच्या हातून काशीपर्यंत पसरली आणि आज नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेतले पोर एरंडेल चोळलेल्या खांबाला मिठी घालते तेव्हा त्याच्या पाठीशी कोणत्याही संस्थानिकाची सनद नसते. आश्रय गेल्याने तीच संस्था मरते, जी केवळ आश्रयावरच जगत होती. ग्रीकांची तशी होती, आमची तशी नव्हती. तेव्हा तालमीला अनुदानावर जगवू पाहणे म्हणजे तिला नव्याने मरणाधीन करणे होय.

कोणी कोल्हापूरचा दाखला देतील. शाहूमहाराजांनी रोमचे रंगमंडल पाहून तसे मैदान बांधावयाचे मनात घेतले, असे सांगतात. 1912 च्या सुमाराचे खासबाग मैदान ही त्यांच्या आश्रयाची खूण खरीच. पण मैदान ही कुस्ती पाहण्याची जागा. कुस्ती घडते ती पेठेपेठेतल्या तालमींत आणि 1922 साली महाराज निवर्तल्यावर त्या तालमींना काही टाळे लागले नाही.

 

माझ्या दृष्टीने खरा भेद आश्रय आणि वहिवाट यांतला आहे. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून कालवावी लागते, रोज पहाटे फावड्याने उकरावी लागते. चार दिवस कोणी उतरले नाही तर ती दगडासारखी घट्ट होते आणि मग तीवर पडणाऱ्याचे खांदे सोलून निघतात. हे उकरण्याचे काम पगारी नोकर करीत नाही. वस्तादाच्या नजरेखाली पठ्ठेच करतात, आणि जोर-बैठकांइतकाच तोही त्यांच्या मेहनतीचा भाग असतो. वस्ताद पैसे घेत नाही, कारण त्याच्या वस्तादाने घेतले नव्हते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्यांनी नेमकी ही पहाटच खाल्ली आहे, आणि कोणत्याही अनुदानाच्या फर्मानाने ती परत येणार नाही.

दर्जा देऊ नये असे मी म्हणत नाही. भिंती पडण्यापेक्षा उभ्या राहिलेल्या बऱ्या. परंतु वहिवाटीचा हक्क मागणाऱ्याला दिवाणी न्यायालय कागदाआधी भोगवटा विचारते, आणि वारसा ठरविणाऱ्या समितीनेही तालमीच्या बांधकामाचे साल टिपण्यापूर्वी आज पहाटे हौदा कोणी उकरला, एवढे विचारून घ्यावे.