चंद्रगुपचा चिखल आणि देवाचा कौल

बलुचिस्तानातील हिंगलाज हे शक्तिपीठ मराठी मुलखाला परके नाही. भावसार समाजाची ती कुलस्वामिनी आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजचे नाव परंपरेने याच देवीशी जोडले जाते. हिंगलाजच्या गुहेत जाण्यापूर्वी यात्रेकरू चंद्रगुप या चिखलाच्या ज्वालामुखीवर चढतात. काठावर उभे राहून प्रत्येक जण आपले नाव-गाव सांगतो, सर्वांसमक्ष पापांची कबुली देतो आणि नारळ वाहतो. विवरातल्या चिखलाला बुडबुडे आले, की क्षमा मिळाली आणि पुढची वाट मोकळी झाली असे मानतात. हा एक प्रकारचा कौलच होय.

बुडबुड्यांचे कारण भूगर्भात आहे. मकरान किनाऱ्यालगत अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो. त्या रेट्याने समुद्रतळावरचा काही किलोमीटर जाडीचा गाळ खरवडला जाऊन दुमडतो. गाळात कोंडलेले पाणी आणि मिथेन यांचा दाब वाढला, की भेगांमधून चिखल वर येतो; किनाऱ्यावर येतो तसाच समुद्रतळावरही. याच हालचालीतून 28 नोव्हेंबर 1945चा प्रचंड भूकंप झाला आणि त्याच्या त्सुनामीने मुंबईचा किनाराही गाठला. 24 सप्टेंबर 2013च्या भूकंपानंतर ग्वादरजवळ समुद्रातून चिखलाचे बेट वर आले. काही वर्षांत लाटांनी ते पुसून टाकले.

इथे धर्मविचारापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. बुडबुडा हा प्रसाद मानला, तर भूपट्टांच्या त्याच रेट्यातून होणारा भूकंप शिक्षा मानावा लागेल. 1934च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला. 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी लावतात. कोयनानगर परिसरात घरांखाली गाडल्या गेलेल्या माणसांच्या माथी कोणते पाप मारायचे? मृतांना दोषी ठरवणारा अर्थ श्रद्धेलाही शोभत नाही. म्हणून भूकंप हा न्याय नव्हे, आणि बुडबुडाही निवाडा नव्हे.

मग कबुली व्यर्थ ठरते का? शाक्त परंपरेत देवी सृष्टीबाहेर बसून निकाल देणारी नाही. सृष्टी हेच तिचे रूप आहे. भूपट्टांची गती समजल्याने तिचे काही हिरावले जात नाही. देवीमाहात्म्यात ती भूक, निद्रा, भ्रांती आणि क्षमा या रूपांनी प्राणिमात्रांत वसते. या विचाराने पाहिले, तर चंद्रगुपच्या काठावर क्षमेचे स्थान चिखलात नसून माणसांत आहे: स्वतःचा अपराध उघड बोलणाऱ्यात, आणि तो ऐकूनही त्याला सोबत घेऊन पुढे चालणाऱ्या यात्रेकरूंत.