वंशावळींतील गाळलेलें नांव

आपण कोणाचे, हा प्रश्न मनुष्य लहानपणीं एकदां विचारतो आणि मग बहुधा साठी जवळ आल्यावर पुन्हां विचारूं लागतो. मधल्या काळांत संसार, नोकरी, मुलांचीं शिक्षणें यांच्या रगाड्यांत त्यास मागें वळून पाहण्यास सवड नसते. सवड झाली म्हणजे तो माळ्यावरची पत्र्याची पेटी खालीं काढतो, तींतील पिवळे पडलेले फोटो निरखतो, आणि "ह्या कोण? हे कोण?" असें घरांत विचारूं लागतो. बहुतेक वेळां असें आढळतें कीं, ज्यांस हें सांगतां आलें असतें तीं माणसें दहा वर्षांपूर्वींच निघून गेलीं. हा शोधाचा छंद आपल्या मध्यम वर्गांत अलीकडे बराच वाढला आहे, व तो निरुपद्रवी आहे असा सर्वांचा समज आहे. आमच्या मतें तो तितकासा निरुपद्रवी नाहीं. त्याच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याचाच थोडा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

पूर्वजांचा माग काढण्याचीं साधनें आपल्याकडे थोडीं नाहींत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्रीं तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गांव आणि आडनांव सांगितलें कीं उपाध्याय वही उलगडतात, आणि आपले पणजोबा यात्रेस केव्हां आले, बरोबर कोण कोण होतें, हें कित्येकदां पणजोबांच्याच हातच्या अक्षरांत वाचावयास मिळतें. अशा वह्यांचें मोल परदेशीयांसही कळलें आहे. अमेरिकेंतील यूटा येथील वंशशोधक संस्थेनें हरिद्वार व इतर कांहीं क्षेत्रांतील वह्यांच्या मायक्रोफिल्म घेऊन ठेविल्या आहेत. गोमंतकांत हेंच काम चर्चच्या दप्तरांनीं केलें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी पुस्तकांत ठेवण्याची शिस्त पाद्र्यांस घालून दिली, आणि पोर्तुगीज अमलाबरोबर ती शिस्त गोव्यांतही आली. आमच्या सोलापुरांत अमेरिकन मराठी मिशनचें कार्य १८६० नंतरच्या दशकांत सुरू झालें. तेव्हांपासून येथील प्रॉटेस्टंट कुटुंबांचीं नांवें चर्चच्या नोंदवह्यांतून उतरत आलीं. ह्यांखेरीज गांवोगांवचीं कोतवाल-बुकें, शाळांचे जनरल रजिस्टर आणि मोडी कागदांचे रुमाल आहेतच.

फोटोचें साधन ह्या सर्वांत वयानें धाकटें. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक होते. पुढें ही कला जिल्ह्याच्या गांवीं पोंचली. रंगविलेला पडदा, कोरीव खुर्ची, तिवईवर फुलदाणी, आणि श्वास रोखून बसलेलें कुटुंब, हें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आहे. वहींत नांव असतें पण चेहरा नसतो. फोटोंत चेहरा असतो पण नांव नसतें. दोन्ही समोरासमोर ठेवलीं म्हणजेच मनुष्य थोडासा हातीं लागतो.

हा खटाटोप मनुष्य कशासाठीं करितो? एक हेतु अभिमानाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची जी लाट आली तिच्या मुळाशीं इतिहासाची आवड होती, तसा कुलाभिमानही होता. दुसरा हेतु हक्काचा. २०२३ सालीं मराठवाड्यांतील व नंतर साऱ्या राज्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. तेव्हां वर्षानुवर्षें कोणी न उघडलेले रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं मागणी आली. पूर्वजाच्या नांवापुढच्या एका शब्दावर नातवाचें शिक्षण अवलंबून असेल, तर त्यानें तो शब्द शोधूं नये असें कोण म्हणेल? पण अभिमान काय किंवा हक्क काय, दोहोंतही आपणांस पूर्वजांकडून कांहीं घ्यावयाचें असतें. तिसरा एक हेतु आहे, तो ऋणाचा. त्यांत पूर्वजांस कांहीं द्यावयाचें असतें. निदान त्यांची जी जागा होती ती त्यांस परत द्यावयाची असते.

ऋणाच्या दृष्टीनें पाहूं लागलें कीं आपल्या वंशावळी किती अपुऱ्या आहेत हें लक्षांत येतें. हिशेब सोपा आहे. प्रत्येकास आईबाप दोन, आजेआज्या चार, त्यांच्या मागें आठ. याप्रमाणें मागें गेल्यास दहाव्या पिढींत पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. बापाकडून बापाकडे जाणारी वंशावळ त्या पिढींतून नांव काढते एकाचें. उरलेल्या १,०२३ जणांचें रक्त आपल्या अंगांत तितकेंच आहे. परंतु ते आपल्या कुळाचे नव्हेत, असें आपण ठरवून टाकिलें आहे. त्यांत निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे लग्नांत मुलीचें आडनांव तर बदलेच, पण पाळण्यांतलें नांवही बदलण्याची चाल होती. म्हणून सासरच्या कागदांतील लक्ष्मीबाई माहेरच्या कागदांत शोधूं गेल्यास ती तेथें नसते. तेथें असते कोणी ठकी किंवा यमुना. दोहोंस जोडणारा दोरा एखाद्या म्हाताऱ्या आत्याच्या आठवणींत असतो, आणि तो तिच्याबरोबर जातो. शिवाय वही ही सर्वांची नव्हतीच. ज्याच्यापाशीं जमीन किंवा दक्षिणा, त्याचें नांव तींत यावयाचें. अस्पृश्य मानलेल्या कित्येक कुटुंबांच्या बाबतींत पूर्वजाचें नांव बापाच्या नांवासह आदरानें लिहिलें गेलें तें प्रथम एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या पुस्तकांत.

ह्या उणिवा रूढीच्या व अज्ञानाच्या आहेत. त्यांस आज कोणी एक मनुष्य जबाबदार नाहीं. खरा नैतिक प्रश्न उभा राहतो तो, नांव ठाऊक असून गाळलें जातें तेथें.

सोलापुरांतील आमच्या परिचयाच्या एका घराण्यानें आपला कुलवृत्तांत छापावयाचें ठरविलें. सामग्री जमवितांना १९०५ च्या सुमारास काढलेला एक फोटो हातीं आला. मध्यें खुर्चीवर वडील, मागें तिघे पुत्र, पुढें नातवंडें. उजव्या कडेला मात्र पुठ्ठा कात्रीनें सरळ कापलेला. आणि कडेला उभ्या असलेल्या मुलाच्या खांद्यावर एक हात, मनगटापर्यंतचा. त्या हाताचा धनी फोटोंत नाहीं. घरांत विचारतां, "मूळचे भाऊ तिघेच" असें उत्तर मिळालें. पुढें घराण्यांतील एका मुलीनें शहरांतील एका जुन्या चर्चची नोंदवही रीतसर परवानगी घेऊन पाहिली, तेव्हां तींत चौथा सांपडला. त्याचें वय, गांव, बापाचें संपूर्ण नांव, बायको आणि दोन मुलें, सर्व कांहीं एका ओळींत स्वच्छ लिहिलेलें होतें. धर्म सोडतांना त्यानें बापाचें नांव सोडलें नव्हतें. ज्या घरानें त्यास कापून टाकिलें त्या घराचें नांव दुसऱ्यांच्या वहींत शंभर वर्षें सुखरूप राहिलें. त्याचे वंशज आज त्याच शहरांत, चालत वीस मिनिटांच्या अंतरावर राहतात.

घराण्यांतील वडीलधाऱ्या गृहस्थांनीं सांगितलें, "तिघेच लिहा." त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. ते म्हणाले, "ज्यानें आपण होऊन घर सोडलें त्यास मेल्यावर ओढून घरांत घेण्याचा आपणांस काय अधिकार? त्याच्या माणसांस तरी तें रुचेल कीं नाहीं, कोणास ठाऊक? ज्यांनीं फोटो कापला त्यांनीं कांहीं दुःख गिळूनच तो कापला असेल. त्या दुःखावरची खपली आपण कां काढावी?" मृतांचीही कांहीं अब्रू असते, आणि सत्य हातांत आलें म्हणून तें वाटेल त्याच्या अंगावर फेंकण्याचा परवाना मिळत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे.

ह्याचें उत्तर शोधण्यास सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. ज्या पंढरपुरांत पिढ्यान् पिढ्यांचीं नांवें जपणाऱ्या वह्या आहेत, त्याच पंढरपुरांत १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें एक बालकाश्रम निघाला, व पुढें तो प्रार्थना समाजाच्या वतीनें चालला. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवा, लोकलज्जेनें प्राणास मुकणारीं किंवा टाकून दिलीं जाणारीं त्यांचीं अर्भकें, यांच्यासाठीं तें घर होतें. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालींच असें गृह काढलें होतें. तेथें मुख्य अभय होतें तें हेंच कीं, आईचें नांव बाहेर फुटणार नाहीं. एकाच क्षेत्रांत एका दारीं नांव सांगितल्याविना पान उघडत नसे, आणि दुसऱ्या दारीं नांव न सांगतां मूल आंत घेतलें जाई.

ह्या दुसऱ्या दारावरच्या मौनास असत्य म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. त्या मौनानें जीव वांचले. आजचा कायदाही तीच मर्यादा पाळतो: दत्तक गेलेल्या अपत्यास प्रौढपणीं आपलें मूळ शोधतां येतें, परंतु त्यासाठीं जन्मदात्यांच्या खासगीपणावर घाला घालतां येत नाहीं. दोन माणसांचे दोन न्याय्य हक्क येथें समोरासमोर उभे आहेत, आणि कायद्यानें दुर्बळाच्या बाजूस थोडें झुकतें माप दिलें आहे.

मग पंढरपूरचें मौन योग्य आणि सोलापूरची कात्री अयोग्य, असें आम्ही कशावरून म्हणतों? दोहोंतही नांव झांकलेंच आहे. आमच्या मतें परीक्षा एकच: झांकण कोणावर आहे? तें ज्याच्यावर संकट येणार होतें त्याच्या डोक्यावर धरलेलें छत्र असेल, तर तें दयेचें आहे. तें घालणाऱ्याच्याच डोळ्यांवर असेल, तर तें केवळ अभिमानाचें आहे. त्या आश्रमांतील मातेस लपावयाचें होतें, म्हणून तिला लपविलें. चौथ्या भावास लपावयाचें नव्हतें; त्यानें तर बापाचें नांव शाईनें लिहवून ठेविलें. त्याच्यासाठीं म्हणून जें मौन पाळलें जात आहे तें त्यानें कधीं मागितलें नाहीं.

ह्यावरून दुसरा एक विवेक सुचतो. न सांगणें वेगळें आणि खोटें सांगणें वेगळें. "चौथ्या पुत्राच्या शाखेची माहिती येथें दिलेली नाहीं" असें लिहिणें हें मौन झालें; "पुत्र तीन" असें लिहिणें हें असत्य झालें. मौनांत जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा पुढच्या पिढीस कांहीं तरी विचारते. असत्यांत जागाच बुजते, आणि प्रश्न विचारणाराही उरत नाहीं. म्हणून सांगावयाचें नसेल तेथें वंशावळकारानें न सांगावें; पण रेघ पुसूं नये. नांव लिहितां येत नसेल तर एक टिंब तरी ठेवावें.

आणि सांगावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्याचा पहिला अधिकार ज्यांच्या अंगावर तें येणार त्या जिवंत माणसांचा. वर सांगितलेल्या घराण्यांतील ती मुलगी शेवटीं त्यांच्याकडे गेली. त्यांनीं तक्रार केली नाहीं, हक्क सांगितला नाहीं, चहा दिला. इतकेंच विचारलें, "आजोबांचा फोटो आमच्याकडे एकही नाहीं. तो कापलेला तुकडा कोणी ठेवला आहे काय?" ह्या प्रश्नानंतर त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीं छापावयाच्या कागदावर 'तीन' चे 'चार' स्वतःच्या हातानें केले, आणि फोटो जसा आहे तसा, त्या हातासह, छापावा असें सांगितलें.

कुळ म्हणजे रक्त, असें म्हणणारांसही एक आठवण द्यावीशी वाटते. जोतीरावांनीं १८७४ सालीं दत्तक घेतलेला यशवंत त्या गृहांत आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. १८९० सालीं जोतीराव वारले तेव्हां भाऊबंदांनीं यशवंताच्या अधिकारास हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें धरलें, असें चरित्रकार सांगतात. ज्या भाऊबंदांपाशीं रक्ताचा पुरावा होता त्यांचीं नांवें आज किती जणांस ठाऊक आहेत? यशवंताचें नांव मात्र त्या घराच्या इतिहासांतून कोणासही काढतां येणार नाहीं.

हा विचार आपल्या परंपरेस परका आहे असेंही नव्हे. महालयांत पितृत्रयीस व मातृत्रयीस नांव-गोत्र घेऊन पिंड देतात, मातामहांस देतात, आप्तांस देतात. आणि सर्वांच्या शेवटीं एक धर्मपिंड असतो. ज्यांचें कोणी नाहीं, ज्यांची नांवें आपणांस ठाऊक नाहींत, त्यांच्यासाठीं तो. ज्यांनीं हा विधि घालून दिला त्यांस आपली यादी अपुरी आहे हें पक्कें ठाऊक होतें, आणि तें कबूल करण्याची त्यांस लाज वाटली नाहीं. आपल्या छापील वंशावळींत तेवढी एक जागा राखून ठेवण्यास कागद फारसा लागणार नाहीं.