हवेपुरता कारभार

आज काहीही विकत घ्यायचं नाही. स्मोकरची आग आपोआप सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या किमती, सवलती, लोकांचे अभिप्राय, सगळं बाजूला राहू द्या. मोबाइल पालथा ठेवा, पाठ टेकून बसा आणि थोडा वेळ फक्त विस्तवाचा विचार करा.

अमेरिकेत मागच्या अंगणात दिसतो तसा कोळशाचा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायची भट्टी, डोळ्यांसमोर आणा. तळाशी लोणारी कोळसा, वर जाळी, जाळीवर डुकराच्या खांद्याचा चांगला चार किलोंचा तुकडा. हवा आत यायला खाली एक झडप, धूर बाहेर जायला वर एक. आतली उष्णता २२५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायची आणि रात्रभर तशीच सांभाळायची. एवढंच काम. पण ते किती लांब आहे, याचा अंदाज मनाला येऊ द्या.

आता खालच्या झडपेपाशी या. कोळसा कितीही भरलेला असो, त्यातला किती जळायचा ते हवा ठरवते. झडप जरा उघडली की निखारे फुलतात, मिटली की राखेखाली दबतात. मात्र उष्णतामापकाचा काटा लगेच हलत नाही. मधल्या वेळात आपला धीर सुटतो, आपण झडप आणखी उघडतो आणि मग उष्णता हाताबाहेर जाते. चूक झडपेची नसते, वाट न पाहण्याची असते. इथे क्षणभर थांबा. यंत्राला नेमकी कुठली जबाबदारी द्यायची आहे, ते इथे कळतं.

कंट्रोलर म्हणजे जाळीपाशी उष्णता मोजणारी प्रोब, एक छोटी डबी आणि खालच्या झडपेवर बसवलेला पंखा. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या माणसाचं काम तो करतो, फक्त कंटाळत नाही. साधी डबी उष्णता कमी झाली की पंखा लावते, पुरेशी झाली की बंद करते. जरा शहाणी डबी तीन गोष्टी पाहते: आत्ता किती कमी आहे, किती वेळ कमी राहिली आहे आणि किती वेगाने बदलते आहे. या पद्धतीला पीआयडी म्हणतात. जहाजाचं सुकाणू आपोआप चालवण्याच्या प्रश्नावर काम करताना निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली तिचं गणित मांडलं. आगीवर लगाम ठेवण्याची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने अंडी उबवायची भट्टी केली होती. उष्णता वाढली की नळीतला अल्कोहोल फुगायचा, पारा वर ढकलला जायचा आणि त्याच्या जोरावर भट्टीची झडप मिटायची. वीज नाही, आकडे नाहीत. तरी कारभार हवेचाच.

आता या यंत्राची मर्यादा पाहा. पंखा आग वाढवू शकतो. थंड करू शकत नाही. फार तर तो गप्प बसतो. म्हणून स्मोकर फटींमधून हवा ओढत असेल, तर सगळ्यात महागडा कंट्रोलरही हतबल ठरतो. बिग ग्रीन एगसारखा जाड सिरॅमिकचा स्मोकर एकदा जास्त तापला, की निवायला खूप वेळ घेतो. म्हणून कोळसा सगळा एकदम पेटवायचा नाही. थोडे निखारे न पेटलेल्या कोळशावर ठेवायचे आणि उष्णतेला हळूहळू वर येऊ द्यायचं. हे पंखा करत नाही, तुम्ही करता.

झाकण उघडल्याचा क्षणही डोळ्यांसमोर आणा. गरम हवा निघून जाते, प्रोबचा आकडा कोसळतो, यंत्राला वाटतं आग विझली. पंखा जीव तोडून फुंकू लागतो, राख उडून मांसावर बसते आणि झाकण लावल्यावर उष्णता उसळते. झाकण उघडल्याचं ओळखून पंखा थांबवणारा कंट्रोलर म्हणूनच जास्त कामाचा. ती सोय नसेल, तर आधी पंखा बंद करायची सवय लावून घ्या.

आता स्वतःला एकेक प्रश्न विचारा, घाई न करता. माझ्या स्मोकरच्या झडपेला बसेल असा जोड मिळतो का? अंगणात वीज आहे, की बॅटरीवर चालवावं लागेल? एक प्रोब जाळीची आणि एक मांसाची, एवढ्यावर भागेल का? घरगुती आकाराला मिनिटाला साधारण १० घनफूट हवा देणारा पंखा पुरतो. मग मोठा कशासाठी? आणि वाय-फाय मला झोपेसाठी हवं आहे, की दर पाच मिनिटांनी आकडा पाहण्यासाठी? रात्री आग विझली आणि मांस ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या मध्ये रेंगाळलं, तर ते खाण्याजोगं राहत नाही. त्यामुळे उठवणारा गजर चैन नव्हे, गरज आहे. बाकी मोबाइलवर आलेख बघणं ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग.

मांसाच्या प्रोबच्या आकड्याकडेही शेवटी एकदा पाहा. १५० ते १७० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान तो कधी कधी तासन्‌तास अडकतो. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि ते मांसाला गार ठेवतं. आग ठीक असते, यंत्रही ठीक असतं. तिथे माणसाला करण्यासारखं काही नसतं, आणि तेच जड जातं.

यंत्र लावणं म्हणजे लबाडी, असं मनात येत असेल तर तेही सोडून द्या. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत गॅसवर किंवा विजेवर शिजवायला मनाई आहे, पण हवा ढकलणारा विजेचा पंखा चालतो. आग कोळशाचीच राहते.

म्हणून सांगणं एवढंच: आधी काही वेळा नुसत्या झडपांवर शिजवा, स्मोकरचा स्वभाव ओळखा, फटी बुजवा. मग पीआयडीचा, दोन प्रोबचा, गजर असलेला साधा कंट्रोलर घ्या. आणि कंट्रोलर असो वा नसो, बंद गॅरेजमध्ये कोळसा कधीही पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.